आत्याबाई मला दिसलीच नाही

भांडण सुरू झालं ते आत्याबाईवरून. ही आत्याबाई आमच्या नात्यातली नव्हे, साडेसातच्या सिरीयलमधली. कपाळावर हे एवढं कुंकू, डोळे कायम बारीक केलेले, आणि धाकट्या सुनेच्या मुळावर उठलेली. त्या संध्याकाळी धाकटी सून देवघरात बसून आपलं दुःख देवाला सांगत होती, आणि माझी बायको सुलभा कांदे सोलता सोलता म्हणाली, "बगा, मेली कशी आयकता भायर ऱ्हवान."

मी म्हटलं, कोण ऐकते? ती म्हणाली, आत्याबाई. मी म्हटलं, आत्याबाई आहे कुठे तिथे? सून एकटीच आहे. सुलभाला वाटलं मी तिची थट्टा करतोय. आमची मुलगी मानसी म्हापशाहून कामावरून नुकतीच आली होती, तिला साक्षीला बोलावलं. तिने आईचीच बाजू घेतली. आत्याबाई दाराला टेकून चांगली उभी होती म्हणे, तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा दिसत होत्या. मला वाटलं, दोघी मिळून मला येडा बनवतायत.

आता मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा बाप्या सिरीयली बघत का बसतो. मी गोव्यातल्या सुर्ल्याचा. बाबा दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आले ते इथेच राहिले. मी टिपर चालवतो. खाणीवर माल भरायचा, बार्जच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, परत यायचं. उभा जन्म हेच केलं. मधे खाणी बंद पडल्या तेव्हा गाडी अंगणात आणि मी घरात. ही सवय लागली ती तेव्हा. आधी मी नावं ठेवायचो, ही कसली माणसं, दिवसभर दागिने घालून रडतात, यांच्या घरात भात कोण शिजवतो? मग हळूहळू मीच सुलभाला हाका मारायला लागलो, अगो ये, लागली. खाणी परत सुरू झाल्या तरी साडेसातला मी घरी. दोस्त हसायचे. हसू देत. दिवसभर धूळ खाल्लेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली भांडणं बघून बरं वाटतं.

बांगडा

एरवी आमचे अबोले दीड दिवसाच्या वर टिकत नाहीत. हा लांबला, त्याला कारण बांगडा.

दुपारी मी घरी जेवायला येतो. भात, माशाची कढी आणि तळलेला बांगडा. सुलभा तळलेलं नुस्तं, म्हणजे मासा, ताटात डाव्या हाताला वाढते, सुक्या सुंगटांचं किसमूर, म्हणजे सुकी कोळंबी-खोबऱ्याची कोशिंबीर, आणि लोणचं पण तिथेच. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर ताटात बांगडाच नाही. मी मनात म्हटलं, असं काय? आत्याबाईवरून बांगडा बंद? मग मीही मागायचा नाही. एरवी जेवताना मी सुलभाकडे वळून वळून बोलायचो, आता मान सरळ ठेवून निमूट कढीभात जेवून उठलो. त्याच्या पुढच्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरात तळणीचा वास तर दरवळतोय. म्हणजे मायलेकी खातायत आणि मला नाही. माझं डोकं फिरलं.

तिकडे सुलभाचं वेगळंच. ती रोज बांगडा वाढत होती, आणि हा माणूस रोज बांगडा ताटात टाकून उठत होता. गोंयकार माणूस नुस्तं टाकतो म्हणजे राग केवढा असेल, अशी तिची समजूत. तीही मानी. एका शब्दाने बोलली नाही, बांगडा मांजराला घालत राहिली. त्या दिवसांत आमचं मांजर तेवढं गुबगुबीत झालं.

चौथ्या दिवशी मला राहवेना. ताटावर बसल्या बसल्या विचारलं, बांगडा मला का नाही? सुलभा हात पुसत आली. तिने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वाकली आणि तिने ताट जागच्या जागी गोल फिरवलं. उजव्या बाजूने बांगडा आला. अख्खा, रव्यात तळलेला, शेजारी किसमूर आणि लिंबाची फोड.

आधी मी हसलो. मग ताट स्वतः परत फिरवलं. बांगडा गेला. मान वळवली तर दिसला, सरळ बघितलं तर गेला. तिथे काळोख नव्हता, धुकं नव्हतं. तिथे काही असेल असंच मला वाटत नव्हतं. सुलभा माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "मी खंय आसंय?" आवाज आला, बाई नाही. तिने तीन वेळा विचारलं, आणि तिसऱ्या वेळी ती रडत होती.

साकवाकडची बाई

त्या दुपारी गाडीची चावी खुंटीला लावून मी बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसलो, आणि एकेक आठवायला लागलं. महिनाभरात गाडीचा डावा आरसा दोनदा फुटला होता. मी आरशाला शिव्या दिल्या होत्या, रस्ता करणाऱ्यांना दिल्या होत्या, समोरून येणाऱ्या बसवाल्याला दिल्या होत्या.

आणि साकवाकडची बाई. आमच्या ओहोळावरच्या त्या छोट्या पुलापाशी वळण आहे. तिथे डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई डावीकडे उभी होती. भरलेल्या गाडीची मागची चाकं तिच्या पायाजवळून गेली, ती भारा टाकून गटारात पडली म्हणून वाचली. मी खाली उतरून तिच्यावरच ओरडलो, मधे कशाला उभी राहतेस म्हणून. ती म्हणाली, मी मधे नव्हते, कडेलाच होते, आणि तू माझ्याकडे बघून गाडी घातलीस. मला ती खोटारडी वाटली. मी गाडीत बसून निघून गेलो.

हे आठवलं आणि मी खुंटीवरची चावी काढून सुलभाच्या हातात दिली. म्हणून हे सगळं सांगतोय, जास्त करून गाडीवाल्या भावांना. एकाच बाजूचं काही ना काही तुमच्या आड यायला लागलं, तर आरशाला दोष देऊ नका, डोळे दाखवा. त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

गाठ

डिचोलीचा डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत. मला बरं वाटलं, पण तो हसत नव्हता. एका यंत्रावर हनुवटी टेकायला लावून त्याने मला ठिपके मोजायला लावले आणि मग कागद दाखवला. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू कागदावर काळी होती. बिघाड डोळ्यांत नाही, त्यांच्या मागे आहे, असं म्हणून त्याने मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. उद्याच जा म्हणाला.

मोठ्या इस्पितळात डोक्याचे फोटो काढले. सांगायला आली ती डॉक्टर तरुण होती, मानसीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. एका बाजूला सुलभा बसली होती, दुसऱ्या बाजूला मानसी. डोक्याच्या मागच्या भागात, उजवीकडे, लिंबाएवढी गाठ. गाठ उजवीकडे तर दिसत नाही ते डावीकडचं, हे कसं, असं मी विचारलं. तिने नीट समजावलं, मानसीला कळलंही. मला काही कळलं नाही, कारण मी 'गाठ' ह्या शब्दापाशीच राहिलो होतो.

ती म्हणाली, पसरणारी वाटत नाही, पण वाढते आहे. काढली नाही तर आहे तीही नजर जाईल, मग तोल जाईल, मग पुढचं. मी विचारलं, काढली तर डावीकडचं परत दिसेल? तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "ते मी सांगू शकत नाही, काका. उरलेलं वाचवायला हे करायचं. गाठीला लागून रक्ताची मोठी नळी आहे, धोका आहे, तेही आताच सांगते." दोन आठवड्यांनंतरचा दिवस तिने दिला, आणि त्याच्या पुढे थांबू नका म्हणून बजावलं.

आजारावर लिहिणारे धैर्याबद्दल लिहितात. मला धैर्य नव्हतं. ब्रेक गेलेला भरलेला टिपर चढणीला घालून थांबवलेला मी माणूस, लोक मला धीराचा म्हणतात. पण त्या भीतीत हाताला काम असतं. ह्या भीतीत नुसतं बसून राहायचं. आंघोळीला तोंडाला साबण लावताना डोळे मिटायची भीती. सकाळी डोळे उघडायची भीती. रोज उठल्याबरोबर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. एक ते सहा आकडे दिसायचे, सात ते अकरा नाहीत. एका सकाळी मला बाराही दिसेना, म्हणून मी अंथरुणात बसून बोंब मारली. सुलभा चुलीवरचा चहा टाकून धावत आली. बारा होता तिथेच, मी मान वाकडी धरली होती. ती माझ्यावर खेकसली, आणि मग मोरीत जाऊन रडली.

साडेसातला मी कदेल, म्हणजे खुर्ची, वाकडी ठेवून बसायचो, म्हणजे टीव्ही उजवीकडे यायचा आणि आत्याबाई पण दिसायची. पण आता सिरीयलमध्ये कोणाला चक्कर आली, कोणी डॉक्टर आला, की मी बंद कर म्हणायचो. डॉक्टरने सांगितल्यापासून तिसऱ्याच दिवशी मी घरात सांगून टाकलं. डोकं फोडून घेणार नाही. अर्धं दिसतं तेवढं पुरे.

सुलभा भांडली, मानसी भांडली. मी जेवणावरून उठून गेलो. मानसी म्हणाली, बाबा तुम्ही आमचा विचार करत नाही. खरंच होतं ते. भ्यालेला माणूस स्वतःपलीकडे बघत नाही.

देवीला विचारूया

माझा धाकटा भाऊ दिगू शेजारच्याच घरात राहतो. तो म्हणाला, तुझंही नको, वहिनीचंही नको, देवीला विचारूया.

आमच्याकडे घर बांधायचं असो, लग्न असो, कोर्टात जायचं असो, आधी सातेरीला, आमच्या गावदेवीला, कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, गुरवाने आपल्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, आणि सगळ्यांनी बघत उभं राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची आधी पडली तर नको. काही गावांत उजवं-डावं देवीच्या हाताचं धरतात, आमच्याकडे समोर उभं राहणाऱ्याच्या हाताचं. कौल मोडून केलेलं काम सुखाला येत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. मोडणाऱ्यांचं काय काय झालं त्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत.

मी सगळ्यांसमोर बोललो. उजवा झाला तर जाईन. डावा झाला तर टेबलावर चढणार नाही, मग आंधळा झालो तरी चालेल, मेलो तरी चालेल. सुलभाकडे बघून मुद्दाम म्हटलं, मग कोणी एक शब्द काढायचा नाही. खरं सांगतो, डावा व्हावा असंच माझ्या मनात होतं. नकार मला द्यायचा होता आणि तो देवीच्या तोंडून हवा होता.

सोमवारी सकाळी आम्ही चौघे देवळात गेलो, मी, सुलभा, मानसी आणि दिगू. गुरवाने पिवळ्या शेवंतीच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, ह्या तुझ्या लेकराच्या मस्तकात असं असं झालंय, डॉक्टरच्या हाती द्यायचा की नाही ते तूच सांग. मी हात जोडून देवीच्या तोंडाकडे बघत राहिलो. डॉक्टरने सांगितलं होतं, काही बघायचं तर मान डावीकडे फिरवून बघत जा. पण देवीसमोर हात जोडल्यावर मान कोण फिरवतो? मागे दिगूने जोरात श्वास घेतलेला मला ऐकू आला. थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी हलली, आणि पडली.

मी विचारलं, पडली ना? कोणी बोलेना. मग माझ्या डावीकडून सुलभाचा आवाज आला.

"पडली. उजवी पडली."

गुरवाने ती पाकळी उचलून माझ्या ओंजळीत घातली. मी देवीसमोर बसून रडलो. दिगू बाहेर निघून गेला. मला वाटलं, त्यालाही रडू आलं असेल.

सहा खाटा

इस्पितळात पहाटे रक्त काढायला येतात, मग चहा आणि पाव, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग दिवस संपता संपत नाही. आमच्या खोलीत सहा खाटा होत्या. माझ्या शेजारी बार्देशचे जुवांव अंकल. ते जन्मभर पोदेर, म्हणजे भट्टीवर पाव भाजणारे. इस्पितळाचा पाव ते बोटाने दाबून बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, ते बोलत होते, हसत होते, म्हणून मी दिवसातून दहा वेळा त्यांच्याकडे बघायचो.

मानसी साडेसातला मोबाइल टेबलावर उभा करून सिरीयल लावायची. पहिल्या दिवशी मी एकटाच होतो, तिसऱ्या दिवशी सहाही खाटा. ज्यांना मान वळवता येत नव्हती ते नुसतं ऐकायचे. जुवांव अंकलना मी कोकणीत समजावून सांगायचो, ही कोण, ती कोणाची सवत. ते म्हणाले, ह्या आत्याबाईला एकदा आणून इथे झोपवा, दोन दिवसांत सरळ होईल. परिचारिका दारात उभी राहून हसत होती. त्या अर्ध्या तासात डोक्यात काय आहे ते मी विसरायचो. आजारी माणसाकडे जाल तर फळं न्या, पण त्याची सिरीयलही लावून द्या.

बाकीच्या वेळी माझा आधार म्हणजे तो उजवा कौल. मी भेटेल त्याला सांगत होतो. डॉक्टरला सांगितलं, झाडू मारायला येणाऱ्या बाईला सांगितलं. मी सांगायला लागलो की सुलभा काहीतरी काम काढून बाहेर जायची. ती नीट जेवत नव्हती, आठ दिवसांत तिचे गाल बसले. दिगू एकदाही आला नाही. विचारलं तर सुलभा म्हणाली, त्याला काम आहे. त्याच्यावर मी मनातून चिडलो होतो.

ऑपरेशनच्या सकाळी माझं डोकं भादरलं. सुलभाला कागदावर सही करायला बोलावलं. तिची सही चौकटीच्या बाहेर गेली, परत करायला लावली. मी तिला म्हटलं, अगो, देवीने उजवा दिलाय, घाबरतेस कशाला? ती "व्हय" म्हणाली आणि माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिली. ती बराच वेळ तेच करत होती.

डोळे उघडले तेव्हा

मी जागा झालो तेव्हा आधी डाव्या बाजूला काय दिसतं ते बघितलं. काही दिसलं नाही. घशात नळी होती, ओरडता येईना. उजवीकडचं यंत्र आणि पडदा दिसत होता, म्हणजे होतं तेवढं वाचलं होतं, पण ते मला त्या वेळी सुचलं नाही. आता असंच राहणार, एवढंच कळलं. नळी काढल्यावर मी विचारलं तर डॉक्टर म्हणाली, सूज आहे, थांबा. रोज विचारायचो, रोज ती म्हणायची थांबा. मला त्या शब्दाचा संताप यायचा.

आठव्या दिवशी दुपारी डावीकडे काहीतरी हललं. सलाईनची नळी होती. मी मान न फिरवता ती बघितली. कोणाला सांगितलं नाही, मला वाटलं सांगितलं की जाईल. दुसऱ्या दिवशी परत दिसली तेव्हा सुलभाला सांगितलं. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. मग हळूहळू, आठवड्या-आठवड्याने, डावीकडचं येत गेलं. सगळं आलेलं नाही. अगदी कडेला अजून नाही, गाडी चालवायची नाही असं डॉक्टरने लिहून दिलंय. पण घड्याळात बारा आकडे आहेत आणि ताटात बांगडा आहे.

गाठ पसरणारी नव्हती. तिचा एक लहानसा तुकडा त्या रक्ताच्या नळीला चिकटून राहिलाय, तो काढला असता तर मी टेबलावरच गेलो असतो. दर सहा महिन्यांनी फोटो काढून तो वाढलाय का बघायचं. फोटोच्या आधीचे आठ दिवस मी माणसांत नसतो. भीती गेली असं मी तुम्हाला सांगणार नाही.

ओटी

घरी येऊन चार महिने झाले तेव्हा मी म्हटलं, देवीची ओटी भरून येऊया, तिच्यामुळे वाचलो. सुलभा म्हणाली, तुम्ही आणि मानसी जा. मी म्हटलं, असं कसं, ओटी तूच भरायची. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. बघायला गेलं तर इस्पितळातून आल्यापासून ती एकदाही देवळाकडे फिरकली नव्हती, जत्रेला पण नाही. दिगू आमच्याकडे यायचा, पण वहिनीशी बोलायचा नाही. मी समजत होतो, माझ्या आजारात कोण किती धावलं त्यावरून दोघांचं बिनसलंय.

सुलभा स्वयंपाकघरात जमिनीवर बसली.

"माका त्या देवळात तोंड नाय. पयली डावी पडलेली."

मला अर्थच लागेना. तिने मग सगळं सांगितलं. डावीकडची पाकळी आधी पडली. ती मला दिसली नाही. दिगूला दिसली, मानसीला दिसली, गुरवाला दिसली. उजवी पडली ती नंतर, आणि मी तेवढीच बघितली आणि विचारलं, पडली ना. दिगू बोलणार होता, सुलभाने त्याचा दंड धरला. गुरवाने तिच्याकडे बघितलं, तिने त्याला हात जोडले. दिगू नंतर बाहेर तिला गाठून म्हणाला, वहिनी, तू देवीचा शब्द मोडलास, दादाला काही झालं तर मी तुला घरात ठेवणार नाही. मानसीला तिने शपथ घातली होती.

मी तिला विचारलं, "आणि मी मेलो असतो तर?"

"तर सांगलं असतंय सगळ्यांका. देवळाच्या पायरीर बसान सांगलं असतंय, की मी मारलंय म्हणान." ती माझ्याकडे बघत नव्हती. "त्याच दिवशी देवयेक सांगलंय मी. रागावचा तर माज्यार रागाव, ह्येंका कायएक म्हायत नाय."

मला राग आला का? आला. माझ्या जिवाचा सौदा माझ्या पाठीमागे झाला होता. पण रागापेक्षा जास्त भीती वाटली, होऊन गेलेल्या गोष्टीची. मी सगळ्या इस्पितळाला उजवा कौल सांगत फिरत होतो, आणि ही बाई दाराबाहेर उभी राहून स्वतःवर काय कोसळतंय त्याची वाट बघत होती. कौलापासूनचे ते दिवस, तो ऑपरेशनचा दिवस, आणि त्यानंतरचे चार महिने. मला ताप आला तरी तिला वाटायचं, आता. मानसीला बसला उशीर झाला तरी वाटायचं, आता. माझ्या डोक्यात तुकडा राहिलाय हे डॉक्टरने सांगितलं तेव्हा ती का मटकन खाली बसली, ते मला त्या दिवशी कळलं. मी भीत होतो माझ्या डोळ्यांसाठी. ती सगळ्यांसाठी भीत होती, आणि तिच्याकडे एकही पाकळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन देवळात गेलो. ती पायरीवर थांबली, मी हात धरून आत नेली. तिने ओटी भरली. गुरव तोच होता. गाऱ्हाणं घालू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आज मीच घालतो. मला ते शब्द येत नाहीत, जमेल तसं बोललो. म्हटलं, आई, हिने जे केलं ते माझ्यासाठी केलं, त्याचं जे काही असेल ते माझ्या नावावर घाल, हिला मोकळी कर. गाऱ्हाण्याला मागून साथीला कोणी होय महाराजा म्हणणारं नव्हतं. गुरवच म्हणाला.

सुलभाने माझ्या शर्टाची बाही धरली होती. गुरवाने ताटातली दोन फुलं उचलली आणि विचारलं, देवीने मान्य केलं की नाही ते बघायला पाकळ्या लावू?

मी नको म्हटलं. आता मला डावीकडचीही दिसली असती.